फार्मासिस्ट हजर नाही

तायडेकाका चहा प्यायला उठले की आमच्या रस्त्यावर औषध मिळणं बंद होतं.

चहाची टपरी त्यांच्या मेडिकलच्या बरोबर समोर आहे. मी मोजली आहेत, एकवीस पावलं. एवढ्यासाठी हा माणूस काउंटरवरच्या गिऱ्हाइकांना हात जोडून बाहेर काढतो, खडखडत शटर खाली ओढतो, कुलूप लावतो, ते दोनदा ओढून बघतो आणि शटरच्या कडीला पुठ्ठ्याची पाटी अडकवतो. पाटीवर निळ्या मार्करनं वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे: ‘फार्मासिस्ट हजर नाही. औषध मिळणार नाही.’ मग एकवीस पावलं चालून काका टपरीच्या बाकावर बसतात आणि शटरकडे तोंड करून, बशीत ओतून, सावकाश चहा पितात. गिऱ्हाइकं हातात चिठ्ठ्या घेऊन भोवती उभी. एखादा नवखा विचारतो, “काका, हे गोळी जेवनाआधी घ्याची का नंतर?” त्यावर उत्तर ठरलेलं असतं.

“इथं नाई. इथं मी चहाचा गिऱ्हाईक हाये. तिकडं आल्यावर इचारा.”

आता, नोंदणी झालेला फार्मासिस्ट समोर असल्याशिवाय चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही, हा कायदा काही तायडेकाकांनी केलेला नाही. तो सगळ्यांना माहीत आहे. कुठंकुठं असंही चालतं की भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं, काउंटरवर माणूस दुसराच, आणि प्रमाणपत्राचा मालक तिसऱ्याच जिल्ह्यात सोयाबीन काढत असतो. सगळे सांभाळून घेतात. तायडेकाका घेत नाहीत. लघवीला गेले तरी शटर खाली. आमच्या मोताळ्यात बाजाराच्या दिवशी त्यांना तीनदा जावं लागलं तर तीनदा खाली. आमच्या रस्त्यावरच्या लोकांनी आपली दुखणी त्या वेळापत्रकात बसवून घेतली आहेत.

माझा दवाखाना त्यांच्या भिंतीला भिंत लागून आहे. मी दाताची डॉक्टर. बुलढाण्याहून रोज राजूरचा घाट उतरून येते आणि संध्याकाळी चढून जाते. मधली भिंत एकाच विटेची असल्यामुळे काकांचा फोन वाजला की मला अख्खा ऐकू येतो. ते ‘हॅलो’ म्हणत नाहीत. म्हणतात, “नमस्कार. भास्कर तायडे, नोंदणीकृत फार्मासिस्ट, नोंदणी क्रमांक…” आणि मग तो लांबलचक आकडा. पूर्ण आकडा मी इथं देत नाही, नाहीतर परवानगी कोणाची घेतली म्हणून विचारतील. त्याचा शेवट बारानं होतो एवढं पुरे. आणि त्या बाराच्या आधी काका दर वेळी थांबतात. “…तीनशे…” मग एक श्वासभर काहीच नाही. मग “बारा. बोला.” मला वाटायचं, दमा असेल. रोज शटर ओढून दुसरं काय होणार.

आमची ओळख झाली त्या दिवशी माझी खुर्ची अजून गोणपाटात होती. भिंतींचा रंग ओला होता. दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ, पांढरा स्वच्छ ॲप्रन, छातीवर नावाची पट्टी आणि पट्टीवर तो आकडा. म्हणाले, “कागद पाहू.”

“कसला कागद? तुम्ही इन्स्पेक्टर आहात का?”

“नाई बापा. शेजारी हावो.”

मी तेव्हा नुकतीच नागपूरहून शिकून आले होते आणि मला राग पटकन यायचा. अजूनही येतो. पण त्या माणसाचा आवाज इतका साधा होता की मी पेटी उघडून प्रमाणपत्र दिलं. त्यांनी ते वाचलं. पुढून वाचलं, उलटून मागून वाचलं, उजेडात धरून पाहिलं. मुदतीची तारीख एका लाल डायरीत उतरवली. आणि म्हणाले, “चांगलं हाये. आता हे उंच नका लटकवू. दवाखान्यातले लोक कागद छताजोळ लावतात, जसा देवाचा फोटो. पेशंटाले बसल्या जाग्यावरून वाचता आला पाह्यजे. आपन कोनाच्या हाती तोंड देऊन राह्यलो, हे त्याले समजलं पाह्यजे.”

माझं प्रमाणपत्र आजही खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आहे. दाढ काढताना लोक ते वाचत राहतात. कुणी पाठही केलं आहे.

त्या लाल डायरीत आमच्या गावातल्या आजाराशी संबंध असलेल्या प्रत्येक माणसाची मुदत आहे. सगळे डॉक्टर, दोन नर्सबाई, एक्स-रे काढणारा, गुडघ्यांचे व्यायाम घेणारा. कुणाची मुदत संपायला तीन महिने उरले की काका शटर खाली करून त्याच्या दारात हजर. “तीन महिने राह्यले. फारम भरा. लेक्चर किती झाले तुमचे?” आम्हाला नोंदणी टिकवायची तर अधूनमधून शिकत राहावं लागतं, व्याख्यानं ऐकावी लागतात, त्याचा हिशेबही काकांकडे. एका डॉक्टरांनी वैतागून विचारलं, “तायडे, तुम्हाला काय करायचं?” काका म्हणाले, “तुमच्या चिठ्ठीवर मी औषध देतो. तुमी डॉक्टर नसले तं मी काय देऊन राह्यलो?” डॉक्टरांनी फॉर्म भरला.

या ख्यातीमुळे लोक त्यांच्याकडे सोयरिकीसुद्धा तपासायला आणतात. देऊळघाटचे एक शेतकरी मुलीसाठी आलेलं स्थळ घेऊन आले होते. मुलगा डॉक्टर, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला फोटो, सोबत मध्यस्थ. काकांनी फोटोकडे पाहिलंच नाही.

“नंबर काय पोराचा?”

मध्यस्थ म्हणाला, “नोंदणी यायची हाये अजून.”

“मंग डॉक्टरही यायचाच हाये.”

काकांनी सगळी रजिस्टरं धुंडाळली. तो मुलगा कुठल्याच पॅथीच्या कुठल्याच यादीत सापडला नाही. सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी काकांच्या नावानं बोटं मोडली, मुलीच्या बापानं पुरणपोळीचं जेवण घातलं. ती पोरगी आता बुलढाण्याला नर्सिंग शिकते आहे, आणि काकांनी डायरीत तिच्या नावाची ओळ आत्ताच आखून ठेवली आहे.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस नुसता कागदाचा किडा. मलाही वर्षभर तसंच वाटायचं. मग एक दिवस मी एका बाईंची दाढ काढली आणि नेहमीचं औषध लिहून दिलं. पाच मिनिटांत शेजारी शटर पडल्याचा आवाज आला. ही चहाची वेळ नव्हती. काका मागच्या बोळातून, मागच्या दारानं आत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टरबाई, या बाईले हे औषध चालत नाई. अंगभर गांधी उठतात, गळा सुजते. माह्या रजिस्टरात लिवलेलं हाये. दुसरं काई लिवून द्या.”

मी विचारायलाच विसरले होते. घाईत होते, बस गाठायची होती. मी खांद्याची पर्स परत टेबलावर ठेवली.

“त्यायले मी सांगतलं, थे औषध माह्याजोळ संपलं, चिठ्ठी बदलून आना. त्यायले काई समजलं नाई. तुमी पानी प्या.” एवढं बोलून ते आले तसे बोळातून गेले. पुढचे दोन दिवस मात्र बेचैन होते. औषध कपाटात असताना संपलं म्हणून सांगितलं, हे खोटं बोलणं कुठं नोंदवायचं, हे त्यांना कळत नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी सांगितलेली एकही गोष्ट मी हसण्यावारी नेली नाही. निदान तोंडावर नाही.

आणि तरी मलाच दुर्बुद्धी सुचली.

बाजाराचा दिवस होता. मेडिकलसमोर गर्दी. मला दुपारी जरा उसंत होती, म्हणून मी उगीच त्यांच्या काउंटरला टेकून उभी राहिले आणि त्यांच्याच आवाजात म्हणाले, “कागद पाहू.”

गिऱ्हाइकं हसली. काकाही हसले. त्यांना मनापासून आनंद झाला, कारण इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी भिंतीवरची चौकट उतरवली, ॲप्रनच्या टोकानं काच पुसली आणि माझ्यापुढं धरली. धरता धरता स्वतःही वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचली.

मुदत संपून एकोणीस दिवस झाले होते.

समोरच्या माणसासाठी गोळ्यांची पट्टी कापायला घेतली होती. अर्धी कापून झाली होती. काकांनी कात्री खाली ठेवली, पट्टी मागं घेतली आणि चिठ्ठी त्याच्या हातात परत दिली.

“औषध भेटनार नाई. फार्मासिस्ट नाई.”

“तुमी तं हाये ना समोर?” तो माणूस म्हणाला.

“मी नाई.”

शटर खाली आलं. पाटी लागली. मग काकांनी खिशातून मार्कर काढला आणि पाटीवरचा ‘हजर’ हा शब्द नीट पट्टी धरल्यासारखी रेघ मारून खोडला. उरलं ते ‘फार्मासिस्ट नाही.’

मी त्यांना माझ्या दवाखान्यात आणून बसवलं. खरं सांगायचं तर मला अजून गंमतच वाटत होती. म्हटलं, “काका, आता सगळं ऑनलाइन असतं. विलंब शुल्क भरू, इथंच फॉर्म भरू. चार-आठ दिवसांत होऊन जाईल. कुणाला कळायचंही नाही.”

“मले समजलं ना.” ते म्हणाले. मग लाल डायरी उघडून पानं उलटत बसले. “साऱ्यायची तारीख हाये. माह्यी नाई. काऊन नाई लिवली मी?” आणि थोड्या वेळानं, “डॉक्टरबाई, नंबर थोच राह्यते का नवा देतात?”

“नंबर कोणता का असेना, नोंदणी झाली म्हणजे झालं.”

त्यांनी डायरी मिटली. पण त्या दिवसापासून त्यांना दुसरा विषय राहिला नाही. नाव रजिस्टरातून कमी झालं, नव्यानं चढवायचं, तर जुनी जागा परत मिळते की रांगेत शेवटी उभं राहावं लागतं? दुकान किती दिवस बंद राहील याची त्यांना फिकीर नव्हती. कारवाई काय होईल याचीही नाही. फक्त नंबर.

कारवाईची व्यवस्था त्यांनी स्वतःच केली. फॉर्म भरून झाल्यावर माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि औषध निरीक्षकांना अर्ज लिहिला. ‘सदर इसम भास्कर तायडे याने नोंदणीची मुदत संपल्यावरही एकोणीस दिवस औषधे दिली. तरी त्याची चौकशी व्हावी, ही विनंती. तक्रारदार: भास्कर तायडे.’ खाली सही केली. सहीखाली नंबर लिहायला हात गेला आणि तिथंच थांबला. मी त्यांची बिननंबरची सही पहिल्यांदाच पाहत होते.

निरीक्षक आले. बिचारे गोंधळले होते. तक्रारदाराचा जबाब घ्यायचा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचाही, आणि दोघं एकाच स्टुलावर बसलेले. काकांनी पहिला जबाब दिला, पाणी प्यायले, दुसरा दिला. दोन्हींत तफावत नव्हती. निरीक्षकांनी सगळं रजिस्टर तपासलं, लेखी ताकीद दिली आणि नोंदणी होईपर्यंत दुकान बंद ठेवा म्हणून सांगितलं. ते आधीच बंद होतं.

जाताना काकांनी त्यांना दारात गाठलं. “साहेब, नंबर थोच राह्यते ना?”

“ते फार्मसी कौन्सिलच्या हातात आहे. बहुधा तोच राहतो.”

ते गेल्यावर काका मला म्हणाले, “बहुधा म्हंजे किती?”

आता दुकान बंद, तर माणसानं घरी बसावं. पण काकांनी त्या एकोणीस दिवसांच्या चिठ्ठ्यांची यादी काढली आणि घरोघर जायला सुरुवात केली. ज्याला ज्याला त्या दिवसांत औषध दिलं होतं त्याच्या दारात उभं राहून सांगायचं, की ते देताना मी फार्मासिस्ट नव्हतो, तरी उरलेल्या गोळ्या दाखवा, मी चिठ्ठीशी ताडून पाहतो. बहुतेकांनी चहा केला. एकानं पोरीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. गोळ्या सगळीकडे बरोबर निघत होत्या, कारण मुदत संपली म्हणून काही काकांचे डोळे संपले नव्हते. पण ते प्रत्येक घरात पट्टी उलटीपालटी करून बघत आणि यादीवर खूण करत.

जवळची गावं त्यांनी एसटीनं केली. देऊळघाटच्या बाजूची दोन-तीन घरं उरली, तेव्हा रविवारी मी माझी गाडी काढली. ही भानगड मी सुरू केली होती, तर एवढं करणं भाग होतं.

तिथं एका म्हातारीच्या घरी गेलो. सरूबाई नाव. तिची मुलगी मोताळ्याला दिलेली, म्हणून औषध तिकडचं. काकांचं सगळं बोलणं तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमच्या गोळीनं माह्या पायाची सूज उतरली. आता तुमी म्हनता थे तुमी नवतेच. मंग कोन होतं?”

काकांना हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सरूबाई माझ्याकडे वळून म्हणाली, “याची बायको असती नं, तं हे तारीख चुकली नसती. बाईबी औषधाचीच शिकेल होती. हा चहाले गेला की थे काउंटरवर बसे. थे होती तवा याचं शटर भर दिवसा कधी खाली पडलेलं म्या पाह्यलं नाई.”

मी काकांकडे पाहिलं. ते सरूबाईच्या गोळ्या मोजत होते.

काकू मी मोताळ्यात येण्याच्या आदल्या वर्षी गेल्या, एवढं मला माहीत होतं. मूलबाळ नाही, हेही. पण त्या काय करत होत्या हे चार वर्षांत मी कधी विचारलं नाही. पाटीवर आणि शटरवर मनसोक्त हसले, आणि ते शटर का पडतं हा प्रश्न मला पडला नाही. मला स्वतःची लाज वाटली.

परत येताना राजूरच्या घाटात एक ट्रक बंद पडला होता. गाड्यांची रांग लागली. मी इंजिन बंद केलं. ऊन उतरत होतं. काका पुढच्या काचेतून रांगेकडे बघत होते आणि बघता बघता बोलायला लागले.

“आमच्या टायमाले नोंदनीले मुंबईले जा लागे. अशीच लाईन. सकाळपासून उभा होतो. खिडकी जवळ आली तवा ध्यानात आलं, फोटोवर सायबाचा सही-शिक्काच नाई. तसा फारम घेत नाई म्हने. मी पयत सुटलो, सायब शोधाले. तिथं मले कोन वळखते? दीड घंटा लागला. म्हटलं, गेली लाईन. वापस आलो तं खिडकीपाशी एक पोरगी बाजूले उभी. माह्या पुढं होती थे लाईनीत. मांगचे सारे तिच्या पुढून निंघून गेलते. बाबू तिले म्हने, बाई, तुमचा नंबर कवाचा आला, काऊन थांबल्या? तं म्हने, माह्या मांगं एक मानूस हाये. थो येऊन राह्यला.”

ट्रकवाला खाली उतरून दगड लावत होता.

“ओळख ना पाळख. एका कॉलेजातले बी नवतो आमी. नंतर मी इचारलं, तुमी काऊन थांबल्या? म्हने, तुमी जागा पाहा म्हनून सांगून गेलते ना. मंग थे पुढं गेली, मांगून मी. तिले अकरा भेटला. मले बारा.”

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. तो हवेत सोडलेला श्वासभराचा थांबा मला एकदम आठवला. तीनशे… बारा.

“दोघाची मुदत एकाच रोजी सरे. डायरी तिचीच होती. साऱ्यायची तारीख थे लिवे, आमची लिवत नसे. म्हने, आपली कशाले लिवाची, थे तं माह्या ध्यानातच राह्यते.” काकांनी चष्मा काढला. “थे गेली तवा एक जन आला. म्हने, कौन्सिलाले कळवू नका, बाईचा कागद आमच्या दुकानात लावतो, तेवढंच तुमाले काई भेटन. मी त्याच रोजी पत्र टाकलं, तिचं नाव कमी करा म्हनून. नेम हाये. माह्याच हातानं टाकलं. आता तिच्या ओळीवर रेघ असन. तिच्या खालची ओळ माह्यी. थेबी गेली, अन मले कुठी शेवटी नेऊन टाकलं, तं तिच्या मांगं कोनीच नाई राह्यत, डॉक्टरबाई.”

मला रडू आलं. मी मागचा आरसा सारखा करत राहिले, जो आधीच सारखा होता. ‘नंबर कोणता का असेना’ असं मी त्यांना म्हणाले होते, आणि तेही एकदा नव्हे. “काका, मी चुकले,” एवढंच मला म्हणता आलं. ते म्हणाले, “तुमाले कुठी माहीत होतं,” आणि मग ट्रक सुरू झाला.

पुढचे दिवस ते माझ्या दवाखान्यातल्या बाकावर, पेशंटांच्या रांगेत बसून काढत. ॲप्रन घरी ठेवून येत. कुणी औषधाचं विचारलं तर मान हलवत. फोन वाजला तर नुसतं “हां, भास्कर” म्हणत. आणि मला माझ्या एकाच विटेच्या भिंतीमागची शांतता सोसवेना.

एका दुपारी ते खुर्चीपाशी आले. मी एकाच्या दाढेत सिमेंट भरत होते. त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. “कौन्सिलाचा दिसते. तुमी वाचा.”

पेशंट आ वासून पडलेला. मी हातमोजे काढले आणि मोठ्यानं वाचलं. नोंदणीचं नूतनीकरण झालं होतं. खाली नाव आणि क्रमांक. मी क्रमांक सावकाश, एकेक अंक सुटा करून वाचला.

“शेवटचं पुन्हा वाचा.”

“बारा, काका. बाराच आहे.”

ते बाकावर जाऊन बसले. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. मग मला म्हणाले, “त्या मानसाचं तोंड उघडंच हाये.” मी परत हातमोजे घातले.

दुकान उघडलं. पहिलं काम म्हणजे निरीक्षकांच्या लेखी ताकिदीला चौकट करून आणली आणि नव्या प्रमाणपत्राच्या शेजारी लावली, गिऱ्हाइकाला वाचता येईल अशा उंचीवर. पाटीवर खोडलेल्या शब्दाच्या डोक्यावर ‘हजर’ पुन्हा लिहिला. नवी पाटी करा म्हटलं तर म्हणाले, पुठ्ठा चांगला आहे.

संध्याकाळी मी निघायच्या तयारीत होते, तेव्हा शेजारी शटर वाजलं आणि ते आत आले. लाल डायरी हातात नव्हती. माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत जरा घुटमळले.

“डॉक्टरबाई, एक काम होतं. माह्यी तारीख तुमच्याजोळ लिवून ठेवसान का?”

“तुमच्या डायरीत लिहा ना.”

“आपली आपल्याले दिसत नाई.”

मी लिहून घेतली. कॅलेंडर दर वर्षी फेकलं जातं, म्हणून वहीत लिहिली, पहिल्या पानावर. वर मुदत संपण्याच्या तीन महिने आधीचा दिवस आणि खाली मुदतीची तारीख. काकांनी वही माझ्या हातातून घेऊन चष्म्याजवळ धरून तपासली, बरोबर आहे म्हणाले, आणि टपरीकडे गेले.

ते परत आल्यावर लगेच त्यांचा फोन वाजला. मी पर्स खांद्याला लावून दारात उभी होते. बसची वेळ झाली होती, तरी थांबले.

“नमस्कार. भास्कर तायडे, नोंदणीकृत फार्मासिस्ट, नोंदणी क्रमांक…” भिंतीपलीकडून आकडा नेहमीसारखा येत राहिला, तीनशेपर्यंत आला आणि थांबला. त्या थांब्यात मी मनातल्या मनात अकरा म्हटलं.

“बारा,” काका म्हणाले. “बोला.”